तळहाताएवढं पिल्लू, टनभर पाणी

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या एखाद्या घरात गोड्या पाण्यातला स्टिंगरे पाळता येईल का? मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या गप्पांत हा प्रश्न आता निघतो, आणि तो निघणं साहजिक आहे. गोल्डफिश, मोली, एंजल यांच्यापुढे ज्यांची हौस कधी गेली नाही, त्यांच्याही मोबाइलवर काळ्या अंगावर पांढरे ठिपके मिरवणारा, काचेला पोट चिकटवून वर सरकणारा तो गोल मासा एकदा तरी येऊन गेलेला असतो. मुंबईत कुर्ल्याला, चेन्नईत कोलत्तूरला, कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटला शोभेच्या माशांचा मोठा बाजार भरतो. बुऱ्हाणपूर तर मुंबई-इटारसी लोहमार्गावरचंच स्टेशन. तेव्हा मासा गावात पोचणं अवघड नाही. अवघड आहे ते त्याच्या पुढचं.

या विषयावर बोलणाऱ्यांत ढोबळमानाने दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, पाणी स्वच्छ ठेवा, पोटभर खाऊ घाला, बाकी काही नाही. दुसरी बाजू म्हणते, असला प्राणी घरात कोंडणं हाच मुळात अन्याय. दोन्हीकडे थोडं थोडं तथ्य आहे. पण आज तळहातावर मावणारं हे पिल्लू चार-पाच वर्षांनी कुठे असेल, हे मात्र दोघंही विचारत नाहीत. प्राण्याची जडणघडण घ्या, गावचं पाणी घ्या, वीज, कायदा किंवा तापी नदी घ्या. सुरुवात कुठूनही केली तरी शेवटी याच प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. म्हणून एकेक बाजू तपासून बघू.

समुद्राच्या कुळातला नदीवासी

स्टिंगरे हा शार्कचा भाऊबंद. त्याच्या अंगात हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला पाकट म्हणतात, त्याच गणगोतातला हा प्राणी. मात्र दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधलं याचं घराणं वेगळं आहे. या घराण्याचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी, समुद्र खंडात आतवर शिरला तेव्हा त्याच्यासोबत आले आणि समुद्र हटल्यावर नद्यांतच राहिले.

या मुक्कामाची त्यांनी किंमत मोजली आहे. समुद्रातले शार्क आणि पाकट खाऱ्या पाण्याशी तोल राखण्यासाठी रक्तात युरिया साठवून ठेवतात. नदीतल्या स्टिंगरेंच्या अंगात ही सोय उरलेली नाही, हे थॉमस थॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिलं. पुढच्या प्रयोगांत पाण्याचा खारेपणा वाढवून पाहिला, तरी ती सोय परत आली नाही. म्हणजे हा समुद्रात परत न जाऊ शकणारा, पुरता नदीचा झालेला प्राणी आहे.

बाजारात दिसतात त्या जाती मोजक्या. सर्वांत जास्त आढळतो तो मोटोरो: तपकिरी पाठीवर काळ्या कडेचे पिवळे-नारिंगी ठिपके. अमेझॉन, ओरिनोको आणि पराना-पॅराग्वे अशा प्रचंड प्रदेशात तो पसरलेला आहे, त्यामुळे वेगवेगळ्या पाण्यांशी जमवून घेणंही त्याला इतरांपेक्षा बरं जमतं. काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा लिओपोल्डी फक्त ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या खोऱ्यात होतो. हेन्लेई टोकान्टिन्स नदीच्या बाजूचा. याशिवाय ‘टीकप’ नावाने एक प्रकार विकला जातो आणि तो लहानच राहतो असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं. टीकप ही जातच नाही. निरनिराळ्या जातींच्या पिल्लांना व्यापाऱ्यांनी दिलेलं ते नाव आहे, आणि पिल्लं मोठी होतातच.

स्टिंगरे बराच वेळ तळाशी, वाळूत अंग पुरून असतो. तोंड पोटाच्या बाजूला असल्याने श्वासासाठी डोळ्यांमागच्या दोन छिद्रांतून पाणी आत ओढतो आणि खालच्या कल्ल्यांतून सोडतो. काचेजवळ बसून पाहिलं तर वाळूत फक्त दोन डोळे आणि त्यांच्या मागे उघडझाप करणारी ती दोन छिद्रं एवढंच दिसतं. बाकी सगळा प्राणी वाळूखाली. भक्ष्य डोळ्यांनी दिसत नसलं तरी वासावर आणि त्याच्या अंगातल्या क्षीण विजेवर तो ते शोधतो, अंगाची तबकडी वरून झाकण घालावी तशी टाकतो आणि खाली खेचून घेतो. किड्यांची टणक कवचं फोडण्यासाठी मोटोरो जबडा आडवा हलवून चक्क चावून खातो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. तोवर असं चावून खाणं ही सस्तन प्राण्यांची खासियत मानली जायची. मादी अंडी घालत नाही. गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पिल्लं वाढवते आणि तयार पिल्लांनाच जन्म देते. इतकी रंजक जीवनकथा असलेला प्राणी घरी असावा, असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही.

जागेचं गणित

दुकानात दिसणारं पिल्लू दहा-बारा सेंटीमीटरचं. मोटोरोची तबकडी मात्र घरच्या टँकमध्येही पन्नास सेंटीमीटरच्या आसपास जाते, वर शेपूट वेगळं. माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात. रोहू किंवा ऑस्करसारखा हा मासा अंग मुडपून वळत नाही. सपाट तबकडी वळवायला त्याला रुंदी लागते. त्यामुळे टँकची उंची त्याच्या फारशी कामाची नाही, तळाचं क्षेत्रफळच कामाचं. चार फूट लांब, दीड फूट रुंद हा आपल्याकडचा सर्रास दिसणारा टँक पिल्लालाही थोडेच महिने पुरतो.

एका मोटोरोसाठी निदान सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच टँक हवा, असं अनुभवी पाळणारे सांगतात. हे झाले छत्तीस घनफूट, म्हणजे एक हजार एकोणीस लिटर. आठ बाय चार बाय दोनचा घेतला तर अठराशे लिटरच्या पुढे. पाण्याचं वजनच एक टनाहून जास्त, त्यात काच, स्टँड, वाळू आणि फिल्टरची टाकी.

आता घराकडे वळू. दोन फूट खोल पाणी दर चौरस मीटरला सुमारे ६१० किलो भार टाकतं. आपल्याकडे निवासी खोल्यांची जमीन भारतीय मानक ८७५ प्रमाणे दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ दोनशे किलो, वापराचा भार धरून आखतात. टँकखालच्या जागेवर त्याच्या तिप्पट भार येतो. वरच्या मजल्यावर असा टँक ठेवायचा तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवूच नये. आणि जुन्या पेठांत लाकडी तुळयांवर, फळ्यांवर उभे असलेले मजले आहेत, तिथे तर विचारायचीही गरज नाही. टँक ठेवायचा तो तळमजल्यावर, भक्कम जमिनीवर.

काही जण अंगणात किंवा पडवीत सिमेंटची टाकी बांधायचा मार्ग काढतात. तळाचं क्षेत्रफळ स्वस्तात मिळतं, हे खरं. पण नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि सामू चढवतं. अशी टाकी कैक वेळा भरून, उपसून, पाणी तपासून मगच मासा सोडावा लागतो. उघड्यावर असेल तर उन्हाळा आणि थंडी दोन्ही थेट पाण्यावर बसतात.

तळाला काय घालायचं, हेही यातच आलं. धारदार खडी पोटाची नाजूक कातडी खरवडते आणि जखमेत संसर्ग शिरतो. बारीक, गोल कणांची वाळू हवी, नाहीतर तळ मोकळा ठेवलेला बरा. वाळूत चुनखडीचे कण आहेत का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकावं. फसफसली तर ती टँकच्या उपयोगाची नाही.

कुंडी भांडाऱ्याच्या गावात

पाण्याच्या बाबतीत बुऱ्हाणपूरकर नशीबवान. १६१५ च्या सुमाराला, अब्दुर रहीम खानखाना यांच्या काळात, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी भुयारी मार्गाने आणि ओळीने खोदलेल्या कुंड्यांमधून, निव्वळ उताराच्या जोरावर शहराकडे आणलं गेलं. हा कुंडी भांडारा २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेला. लिफ्टने खाली उतरलं की भुयाराच्या भिंतींवर साचलेले चुन्याचे पांढरट थर दिसतात. पर्यटक त्याचे फोटो काढतात, पण मासे पाळणाऱ्याने त्यातून दुसरी गोष्ट घ्यायची: इथल्या जमिनीतून येणारं पाणी चुना घेऊन येतं.

पिण्याला उत्तम असलेलं पाणी प्रत्येक माशाला उत्तम असेलच असं नाही. रिओ निग्रोसारख्या नद्यांतलं पाणी अतिशय मृदू आणि आम्लधर्मी. तिथल्या जाती जड पाण्यात त्रास काढतात. मोटोरो, त्यातही पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर वाढलेला मोटोरो, साधारण जड पाणी चालवून घेतो. त्याला खुपतो तो चढउतार: आज सामू ७, परवा ८. म्हणून रसायनं ओतून पाणी अमेझॉनसारखं करायच्या फंदात पडू नये. आपल्या नळाचं किंवा बोअरचं पाणी वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंत तपासावं, ते बेताचं जड असेल तर तेच स्थिर ठेवावं, फारच जड असेल तर आरओचं पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळावं.

सामूकडे लक्ष द्यायचं दुसरं कारण अमोनिया. स्टिंगरे मांसाहारी, खादाड, त्यामुळे त्याची घाणही तशीच. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप खरं विषारी. पंचवीस अंश तापमानाला, सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं. सामू ८ आणि तापमान तीस अंश, म्हणजे आपल्याकडचा एप्रिल, तर सात टक्क्यांच्या वर. तपासणीच्या किटवर आकडा तोच दिसतो, पण विष दहापटीहून जास्त झालेलं असतं. मृदू पाण्याच्या गावातला मित्र सांगतो ते जसंच्या तसं बुऱ्हाणपुरात लागू पडत नाही, ते यामुळे.

यावर उपाय एकच: फिल्टरमधले जिवाणू. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये स्टिंगरे सोडायचा नाही. दुकानदार लिक्विड बॅक्टेरियाची बाटली देतो म्हणून घाई करू नये. किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला लागले की मगच मासा आणावा.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. बाजारात अँटिक्लोरीन म्हणून मिळतं ते बहुधा सोडियम थायोसल्फेट. पाणी बदलताना ते आधी घालायचं, नंतर नव्हे. हजार लिटरच्या टँकचं आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं म्हटलं तर पाचशे लिटर, वीस लिटरचे पंचवीस कॅन. वर्षभर, दर आठवड्याला. हे पाणी गटारात न सोडता कुंड्यांना, झाडांना, केळीच्या खुंटांना घालावं. त्यातलं नायट्रेट त्यांना खत म्हणून लागू पडतं.

मे महिना आणि वीज

स्टिंगरेला चोवीस ते अठ्ठावीस अंश मानवतं. बुऱ्हाणपूरचा मे त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि बंद खोलीतला टँक हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊन टेकतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पंचवीस अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, पस्तीस अंशांना सात मिलिग्रॅमच्याही खाली. माशाची प्राणवायूची गरज मात्र उष्णतेने वाढते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होतात.

इथे कोरड्या हवेचा फायदा घेता येतो. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. घरोघरी वाळ्याच्या कूलरला जे तत्त्व उपयोगी पडतं, तेच. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही, खानदेश-निमाडच्या उन्हाळ्यात चालतो. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. वरून रोज बोअरचंच पाणी भरत राहिलं तर पाणी दिवसागणिक जड होत जातं. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालायची, आणि आठवड्याचा पाणीबदल वेगळा. एवढ्याने भागलं नाही तर चिलर लागतो, आणि तो बारा तास चालला तर विजेच्या बिलात ठळक दिसतो. नुसता ऐंशी वॅटचा पंप चोवीस तास चालवला तरी महिन्याला सत्तावन्न-अठ्ठावन्न युनिट होतात.

थंडीत उलट. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर लावावाच लागतो. स्टिंगरे गरम कांडीवर जाऊन पसरतो आणि पोट भाजून घेतो, हे पाळणाऱ्यांत सर्वांना ठाऊक असलेलं संकट. हीटर जाळीत बसवावा, नाहीतर फिल्टरच्या टाकीत ठेवावा.

वीज गेली तर? पहिल्या पावसाच्या वादळात तारा तुटल्या आणि पंप सहा तास बंद राहिला, की दोन गोष्टी बिघडतात. पाण्यातला प्राणवायू उतरतो आणि फिल्टरमधले जिवाणू गुदमरून मरू लागतात. वीज आल्यावर तोच फिल्टर घाण पाणी टँकमध्ये परत ढकलतो. म्हणून बॅटरीवर चालणारा एअरपंप आणि इन्व्हर्टर ही चैन नाही, टँकइतकीच ती गरज. बराच वेळ वीज गेली असेल तर पंप सुरू करण्याआधी फिल्टरमधलं साचलेलं पाणी फेकून द्यावं.

पोट आणि तब्येत

पिल्लांची भूक सारखी लागलेली. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्यावं लागतं. कोळंबी, माशाचं मांस, गांडुळं, गोठवलेले रक्तकृमी हा साधारण आहार. गांडुळं जिथे कीटकनाशक पडत नाही अशाच जागेतली घ्यावीत. केळीच्या बागेतली कुठलीही माती उकरून आणू नये. जिवंत गोल्डफिश खाऊ घालायची पद्धत दिसायला थरारक, पण वाईट. त्यातून परजीवी येतात, आणि गोल्डफिशच्या मांसातला थायमिनेज हा घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. तोच तोच आहार राहिला की मासा महिन्याभरात खंगत नाही. वर्षभरात खंगतो, आणि कारण लक्षात येत नाही.

नवं पिल्लू घेताना ते खातं का, हे दुकानात डोळ्यांनी पाहावं. पाठीमागे शेपटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना हाडासारखे उंचवटे दिसत असतील तर ते उपाशी आहे. तबकडीच्या कडा वर वळलेल्या दिसल्या तर प्रकरण बहुतेक हाताबाहेर गेलेलं असतं. असं पिल्लू दया येऊन घेणं म्हणजे पुढचं दुखणं विकत घेणं.

औषधांच्या बाबतीत हा मासा नाजूक. तांबं असलेली औषधं, फॉर्मेलिन, ऑर्गेनोफॉस्फेट ही इतर माशांना बेतानं चालणारी अस्त्रं इथे घातक ठरू शकतात. मासा आजारी दिसला की बाटली उघडण्याआधी पाणी तपासावं आणि बदलावं. बहुतेक दुखण्यांचं मूळ पाण्यातच सापडतं. एक अडचण उघड मान्य करायला हवी. कूर्चेच्या माशांवर उपचार करणारा पशुवैद्य लहान शहरात मिळणं कठीण. तिथे पाळणाऱ्याची खबरदारी हाच दवाखाना.

सोबतीला कोण ठेवायचं हेही विचार करून ठरवावं. लहान मासे हा त्याचा घास. प्लेको किंवा सकर मासा स्टिंगरेच्या अंगावर बसून कातडीवरचा बुळबुळीत थर खरवडतो. नर-मादी एकत्र ठेवले तर नर मादीची तबकडी दातांनी पकडतो आणि जखमा करतो. पिल्लं झाली की आधीच अपुरी असलेली जागा आणखी अपुरी.

काटा

शेपटीवर करवतीच्या दातांसारखी धार असलेला एक काटा, कधी दोन, आणि त्यावर विष असलेला त्वचेचा थर. हा काटा वरचेवर झडतो आणि नवा येतो. स्टिंगरे होऊन अंगावर येत नाही. हात नको तिथे पडला किंवा जाळ्यात अडकला तरच वार करतो. दक्षिण अमेरिकेत नदीकाठच्या लोकांना याचे वार नित्याचे आहेत. वेदना भयंकर, जखम चिघळणारी.

विषावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. प्रथमोपचार म्हणजे सोसवेल इतकं गरम पाणी, साधारण ४५ अंश, त्यात जखमेचा भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणं. उष्णतेने वेदना बरीच उतरते. मात्र सुन्न झालेल्या हाताला पोळल्याचं कळत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्यावा. नंतर डॉक्टरकडे जाणं सक्तीचं: काट्याचा तुकडा आत राहिला का हे पाहायला एक्स-रे, धनुर्वाताची लस, आणि गरज असेल तर प्रतिजैविक. छातीत किंवा पोटात वार बसला तर घरी काहीही न करता थेट रुग्णालय. काटा कापून टाकणं हा उपाय नव्हे, तो परत येतो. टँकला कुलूपबंद झाकण आणि मुलांना हात न घालू देण्याची शिस्त, एवढं घरात जमत नसेल तर हा प्राणी घरात आणू नये.

बाजार आणि कायदा

आज विकले जाणारे बरेच स्टिंगरे तैवान, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया इथल्या फार्मवर जन्मलेले. नदीतून उपसून आणलेल्यांपेक्षा ते टिकाऊ, आणि मूळ नद्यांवरचा ताणही त्यामुळे कमी होतो. शिंगू नदीवर बेलो मोन्ते धरण २०१६ पासून वीज देऊ लागलं. एका नदीपुरता मर्यादित असलेल्या लिओपोल्डीसाठी ही मोठी उलथापालथ. फार्मचा तोटा असा की जातींचे संकर सर्रास होतात. ‘ब्लॅक डायमंड’सारखी नावं व्यापारी आहेत. पिल्लू नेमकं कुठल्या जातीचं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. कायद्याच्या कागदावर मात्र शास्त्रीय नाव लागतं.

धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सायटीस करारात ब्राझीलचे हे स्टिंगरे २०१७ पासून तिसऱ्या परिशिष्टात आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत लिओपोल्डी, हेन्लेईसह सात जाती दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने सायटीसमधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवर नोंद करायची आहे. पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं आहे. म्हणून घेण्याआधी ती जात चौथ्या अनुसूचीत आहे का हे वन विभागाकडे विचारावं, आणि विक्रेत्याकडून शास्त्रीय नावासह बिल घ्यावं. कागद न देणाऱ्याकडून मासा घेऊ नये.

आपल्या देशातला गंगेचा स्टिंगरे तर २००१ सालीच पहिल्या अनुसूचीत गेला. त्याला पकडणं, पाळणं, विकणं सरळ गुन्हा. आशियातले नदीतले स्टिंगरे किती वाढतात याचं टोकाचं उदाहरण जून २०२२ चं. कंबोडियात मेकाँग नदीत तीनशे किलोची मादी सापडली, जवळपास चार मीटर लांब, आणि खुणेचं उपकरण लावून तिला परत सोडण्यात आलं. गोड्या पाण्यात पकडलेला, नोंद झालेला तो सर्वांत मोठा मासा.

तापीत सोडून देऊ?

सहा फुटी टँक पुरेनासा झाला, मुलगा शिकायला पुण्याला गेला, पाणी बदलायला कुणी नाही, दुकानदार परत घेत नाही. अशा वेळी शनवाऱ्यातल्या माणसाला पहिल्यांदा सुचते ती तापी. नदीचा मासा नदीत, असं म्हणून मनाची समजूत घालता येते. पण हा तापीचा मासा नव्हे.

सिंगापूरच्या अप्पर सेलेटार जलाशयात कुणीतरी सोडलेले मोटोरो नुसते जगले नाहीत, तिथेच प्रजा करू लागले. २०१० मध्ये त्याची नोंद झाली. एप्रिल २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात गळाला अ‍ॅलिगेटर गार लागला, अमेरिकेतला मासा, बहुधा टँकमधून आलेला. शोभेसाठी आणलेला सकर मासा देशातल्या कित्येक नद्या-तलावांत आज जाळी फाडतो आहे. उजनी धरणात चिलापी माशाने काय केलं, ते तिथल्या कोळ्यांना विचारावं.

बुऱ्हाणपूरच्या खाली तापी हतनूर धरणात अडते. चांगदेवजवळचा तापी-पूर्णा संगम याच धरणाच्या फुगवट्यात येतो. उथळ, गाळाचं, मऊ तळाचं ते पाणी. त्यात उतरून जाळी टाकणाऱ्या भोई, ढीवरांच्या पायांना अशा काट्याची सवय नाही, आणि त्यावर काय करायचं याची माहितीही नाही. आपली अडचण सोडवताना ती त्यांच्या पायाखाली ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. मासा ठेवता येत नसेल तर मोठी जागा असलेला दुसरा पाळणारा शोधणं, तोही नोंदणीच्या कागदासह, हाच मार्ग. आणि दुसरा कुणी मिळेलच याची खात्री नसल्यामुळे हा शोध मासा घेण्याआधी घ्यायचा.

निष्कर्ष

शनवाऱ्यात स्टिंगरे पाळता येतो का? येतो, पण फार थोड्या घरांत. तळमजल्यावर आठ बाय चार फुटांची जागा कायमची देता येत असेल, आठवड्याला पाचशे ते नऊशे लिटर पाणी बदलायला माणूस आणि पाणी दोन्ही असतील, मे महिन्याची आणि वीज जाण्याची सोय आधी केलेली असेल, आणि पाळणारा गावाला गेला तर घरातलं दुसरं कुणीतरी हे सगळं करणारं असेल, तर फार्मवर जन्मलेला, कागदपत्र असलेला एकच नर मोटोरो घ्यावा. नर माद्यांहून लहान राहतो आणि एकटा असला की पिल्लांचा प्रश्न येत नाही. लिओपोल्डी आणि संकरित जाती आपल्यासारख्यांनी सोडून द्याव्यात.

ज्यांच्याकडे चार फुटी टँक आहे आणि ज्यांना वाळूत पुरून घेणारा, रात्री शिकारीला निघणारा मासाच पाहायचा आहे, त्यांनी आपल्याकडची लहान वांब पाळून बघावी. पंधरा-सतरा सेंटीमीटरवर थांबणाऱ्या तिच्या जाती वाळूतून फक्त नाक बाहेर काढून बसतात, इथल्या पाण्याशी त्यांचं भांडण नाही, आणि झाकण मात्र घट्ट लावावं लागतं, कारण ती निसटण्यात पटाईत. स्टिंगरेची हौस त्यानंतरही उरली, तर आधी आठ फुटांची जागा मोजून खडूने जमिनीवर आखावी आणि वर्षभर ती मोकळी राहते का ते बघावं. राहिली, तर मासा घ्यायला हरकत नाही.